तांबडी सुर्ल्याची रानवाट

गोव्यातील धबधब्यांची गोष्ट निघाली की दूधसागराचे नाव प्रथम येते, आणि ते स्वाभाविकच आहे. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा तो प्रपात, त्याच्या अंगावरून गेलेला लोहमार्गाचा पूल आणि आगगाडीच्या खिडक्यांतून बाहेर डोकावणाऱ्या माना, हे दृश्य लोंढ्याहून कुळ्याकडे प्रवास केलेल्या बहुतेकांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच डोंगररांगेच्या कुशीत, उत्तरेच्या अंगाला, एक लहानसा धबधबा आहे. ज्या गावाच्या रानात तो कोसळतो त्या तांबडी सुर्ला गावाच्या नावानेच लोक त्याला ओळखतात. दूधसागर गाडीत बसल्या बसल्या पाहता येतो. तांबडी सुर्ल्याच्या धबधब्याकडे पायीच जावे लागते. वाट फार लांबची नाही. देवळापासून निघून परत येण्यास अर्धा दिवस पुरतो. मात्र डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला तेवढ्यात सह्याद्रीच्या पाण्याचा सगळा व्यवहार समजून घेता येतो.

हा भाग धारबांदोडा तालुक्यात, पणजीपासून सुमारे ६५ किलोमीटरांवर आहे. बेळगाव, खानापूरकडून येणारे प्रवासी अनमोडचा घाट उतरून मोल्याला येतात आणि तेथून उत्तरेस वळतात. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १९६९ मध्ये, मोल्याचे जंगल अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले. पुढे त्याला भगवान महावीर अभयारण्य असे नाव मिळाले. सुमारे २४० चौरस किलोमीटरांच्या या अरण्याचा १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. उद्यान या शब्दाने बागेची, ताटव्यांची, बाकांची कल्पना मनात येते. येथे तसे काही नाही. कायद्याच्या दृष्टीने राष्ट्रीय उद्यान म्हणजे जेथे झाड तोडावयाचे नाही, गुरे चारावयाची नाहीत, शिकार करावयाची नाही आणि जेथे माणसाने केवळ पाहुणा म्हणून जावयाचे, अशी भूमी.

वाटेचा आरंभ महादेवाच्या देवळापाशी होतो. कदंबांच्या काळातील, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातील हे देऊळ गोव्यातील प्राचीन मंदिरांत सर्वांत चांगल्या स्थितीत उरलेले मानले जाते. देऊळ आकाराने लहान आहे. गर्भगृह, अंतराळ आणि खांबांवर तोललेला नंदिमंडप एवढाच त्याचा पसारा. पण काळसर दगडावरील कोरीव काम, छतावरचे उमललेले कमळ आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली तुडविणारा हत्ती पाहण्यासाठी मुद्दाम थांबावे. देऊळ पूर्वाभिमुख आहे. म्हणजे देव ज्या दिशेकडे पाहतो त्याच दिशेला घाटाची भिंत उभी आहे. शेजारून नदी वाहते. चहूबाजूंनी दाट अरण्य असल्यामुळेच हे मंदिर धुमश्चक्रीच्या काळातही वाचले असे सांगतात. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते. एरवी या परिसरात पाण्याचा आवाज हीच मुख्य वर्दळ.

देवळामागे टाकून नदीच्या काठाकाठाने वर जाऊ लागले की रान माणसाला आत घेते. ऐन, किंदळ, नाणा, जांभा अशी उंच झाडे वर छत धरतात. ऐन हा गोव्याचा राज्यवृक्ष. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी फुटलेली असते, आणि त्या एका खुणेवरून नवख्यालाही तो ओळखता येतो. ओलाव्याच्या जागी भेरली माडाचे झुपके लोंबताना दिसतात, वेताचे काटेरी फोक वाटेवर येतात आणि गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर अजगरासारख्या पसरलेल्या असतात. वर पानांत काही खसखसले तर तेथे शेकरू असण्याचा संभव असतो. धनेश पक्षी उडत गेला तर त्याच्या पंखांचा घोष आधी ऐकू येतो आणि पक्षी मागाहून दिसतो. नदीच्या खडकांत राहणारा शीळकरी कस्तूर पहाटे एखाद्या मुलाने सहज शीळ घालावी तसा गातो. गवा हा गोव्याचा राज्यपशू; तो या रानात आहे, परंतु दिवसा माणसाच्या वाटेवर येणे तो टाळतो. आलाच तर आपण जेथे आहो तेथे स्तब्ध उभे राहून त्याला जाऊ द्यावे, हा रानातला जुना शिष्टाचार आहे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे या वाटेवर जळवा असतात. त्यांचे भय वाटते तितके धोक्याचे नाही. जळू चावताना रक्त गोठू न देणारा एक द्रव जखमेत सोडते. त्यामुळे ती गळून पडल्यावरही रक्त काही वेळ झिरपत राहते. ती ओढून काढू नये. मीठ किंवा चुना लावला की ती आपोआप सुटते, आणि रानात जाणारी माणसे निघतानाच पायांना काही तरी चोळून जातात. जळवांपेक्षा अधिक जपावयाचे ते कोरड्या महिन्यांतील बारीक गोचिडींपासून. जवळच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रोगी आढळले आहेत, आणि तो आजार या गोचिडींमुळेच माणसापर्यंत पोहोचतो. म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावे, पाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये आणि परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून अंग नीट तपासावे.

वाट एकाच काठाने जात नाही. ओहोळ पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. कधी पाणी घोट्यापर्यंत असते, कधी गुडघ्यापर्यंत. दगड शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात. मग दरी अरुंद होते, गारवा वाढतो, आणि झाडांच्या आडून धबधब्याचा आवाज पुढे येऊन भेटतो. कातळाच्या कड्यावरून पाणी खाली येते आणि पायथ्याशी एक डोह करून थांबते. कोकणात अशा डोहाला कोंड म्हणतात. अंगावर तुषार येतात. कातळाच्या चिरांत तेरड्याची जांभळट फुले डुलत असतात. पावसाळ्याच्या आरंभी डोहावर झुकलेल्या एखाद्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. ते हिरव्या उडत्या बेडकाचे घरटे. बेडकी फेस घुसळून त्यात अंडी घालते. पिले बाहेर पडली की ती फेसातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. घरटे पाण्याच्या बरोबर वर असते, ते त्यासाठीच.

येथवर आलेल्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहावयास हवेत. हा धबधबा येथेच का आहे? आणि पाऊस थांबून महिना-दोन महिने उलटले तरी तो वाहतो कसा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दगडात आहे. गोव्याचा बहुतेक भाग धारवाडी काळातील अतिप्राचीन खडकांवर वसलेला आहे आणि त्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनच्या काळ्या कातळाची झालर खाली उतरली आहे. हे सर्व थर सारख्या कठीणपणाचे नाहीत, आणि त्यांना जागोजागी उभ्या-आडव्या भेगा आहेत. वाहते पाणी मऊ किंवा भेगाळलेला भाग लवकर झिजविते, कठीण भाग मागे राहतो. अशा रीतीने ओढ्याच्या पात्रात पायरी तयार होते. एकदा पायरी झाली की पाणी त्या पायरीचेच हत्यार करते. वरून पडणाऱ्या धारेबरोबर गोटे आणि वाळू येतात. ते पायथ्याशी घुसळले जाऊन डोह खोल करतात, आणि पात्रात जागोजागी रांजणासारखे वाटोळे खळगे कोरतात. कड्याचा पाया पोखरला गेला की वरचा कातळ तुटून खाली येतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. डोहात पडलेल्या मोठाल्या शिळा म्हणजे एके काळचा कडाच होय. माणसाच्या आयुष्यात ही हालचाल दिसत नाही. पण धबधबा डोंगराकडे चालतच असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अरण्यात आहे, आणि या वाटेचे खरे मर्म तेच होय. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी त्याहून बराच अधिक. त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटर जमिनीवर पडला तर ते दहा लाख लिटर पाणी होते. उघड्या उतारावर हा पाऊस पडला तर त्याचे टपोरे थेंब माती फोडतात. फुटलेली माती स्वतःचीच छिद्रे बुजविते, आणि मग पाणी आत न जिरता तांबडे होऊन उतारावरून धावत सुटते. अरण्यात मात्र तेच पाणी प्रथम पानांवर थांबते, तेथून खोडावरून ओघळते, मग पाचोळ्यावर उतरते. पाचोळ्याखाली गांडुळांनी, वाळवीने आणि कुजून गेलेल्या मुळांनी केलेली असंख्य बिळे असतात. त्यांतून ते जमिनीत शिरते, खडकांच्या भेगांपर्यंत पोहोचते आणि तेथून अतिशय मंद गतीने उताराकडे झिरपू लागते. ऑगस्टात पडलेल्या पावसाचा थेंब असा रेंगाळत रेंगाळत डिसेंबरात ओहोळात उतरतो. म्हणजे हिवाळ्यात या डोहावर पडणारी स्वच्छ धार आभाळातून ताजी आलेली नसते. ती अरण्याने राखून ठेवलेली आणि हप्त्याहप्त्याने परत केलेली ठेव असते.

ही ठेव केवळ धबधब्याच्या शोभेसाठी नाही. घाटाच्या माथ्यावर पडलेला थेंब पूर्वेकडे घरंगळला तर तो मलप्रभेला मिळून कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जातो. पश्चिमेकडे घरंगळला तर म्हादईच्या, म्हणजेच पुढच्या मांडवीच्या, पाण्यात मिसळून अरबी समुद्रास मिळतो. मलप्रभा आणि म्हादई या दोन्ही नद्यांचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, एकाच डोंगराळ प्रदेशात आहे. मोल्याच्या जंगलातून उतरणाऱ्या दूधसागर नदीचे पाणी पुढे खांडेपार नदीचे होते, आणि तिच्या काठच्या ओपा येथील केंद्रात शुद्ध होऊन पणजी, फोंडा या भागांतील घरांत जाते. शहरात उन्हाळ्यात नळाला येणारे पाणी कोणत्या झाडाखाली मुरले होते हे नळ उघडणाऱ्याला ठाऊक नसते; पण हिशेब तेथूनच सुरू होतो.

या सौम्य व्यवहाराची दुसरी बाजू मात्र कठोर आहे, आणि धबधब्यांवर जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ती माहीत असते. अरण्याच्या भूमीची पाणी पिण्याची शक्ती अमर्याद नाही. उन्हाळ्याने तापलेली, कोरडी पडलेली जमीन जूनच्या पहिल्या सरी बहुतांशी पिऊन टाकते. त्यामुळे ओहोळ हळूहळू फुगतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मातीची छिद्रे भरलेली असतात. भिजलेला बोळा जसा आणखी पाणी घेत नाही, तशी ती भूमीही घेत नाही. त्या वेळी पडलेली जोराची सर जवळजवळ सगळीच्या सगळी ओढ्याकडे धावते. समजा, धबधब्याच्या वर पाच चौरस किलोमीटरांचा पाणलोट आहे आणि तेथे तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला. तर ते पाणी पंचवीस कोटी लिटर भरते. त्याला खाली यावयास ही एकच अरुंद दरी असते. घाटाचा उतार तीव्र असल्यामुळे ते यावयास फार वेळही लागत नाही.

त्यातच माथ्यावरचा पाऊस दरीतल्या माणसाला दिसत नाही. वर झाडांचे छत, समोर कडा, आणि धबधब्याचा आवाज इतका की मेघगर्जनाही झाकली जावी. ऑक्टोबरात तर दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाच्या सरी कोसळत असतात आणि पायथ्याशी लख्ख ऊन पडलेले असते. डोहात पोहणाऱ्याला आकाश निरभ्र दिसते, म्हणून तो निश्चिंत असतो. त्याने आकाशाकडे पाहण्यापेक्षा पाण्याकडे पाहावे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होऊ लागले, पृष्ठभागावर पाने-काटक्या तरंगत येऊ लागल्या, मघाशी उघडा असलेला दगड बुडू लागला, किंवा धबधब्याचा सूर बदलून जाड झाला, तर वर पाऊस झाला आहे असे निश्चित समजावे. यांपैकी एकही खूण दिसताच सामानाचा मोह सोडून काठावरून उंच जागी चढावे. खाली, प्रवाहाच्या दिशेने धावू नये. पाण्याशी धावण्याच्या शर्यतीत माणूस हरतो.

वाटेवर ओहोळ अनेकदा ओलांडावा लागतो, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची ठरते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून सहज पार झालेला माणूस दुपारी पलीकडच्या काठावर अडकतो आणि घरी जाण्याच्या घाईने पाण्यात पाय घालतो. पुष्कळ अपघात धबधब्याखाली न होता असे परतीच्या वाटेवर होतात. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. गुडघाभर खोलीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. पडल्यावर दोन दगडांत पाय अडकला तर उथळ पाण्यातही मृत्यू येतो. अशा वेळी योग्य उपाय एकच, आणि तो म्हणजे बसून राहणे. लहान पाणलोटाचा पूर जसा लवकर चढतो तसा पाऊस थांबल्यावर लवकर ओसरतोही. उपाशी राहून, भिजत काही तास काढावे लागले तरी त्यात फार काही बिघडत नाही.

जुलै २०२३ मध्ये गोव्यातीलच नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोन जण बुडून मरण पावले. त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. बंदी आली की नाराजीचा सूर उमटतो, आणि निसर्ग सर्वांचा आहे असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु बुडालेल्याला शोधण्यासाठी त्याच फुगलेल्या पाण्यात कोणाला तरी उतरावे लागते, आणि ते बहुधा शेजारच्या गावातले तरुण किंवा अग्निशामक दलाचे जवान असतात. एकाच्या हौसेची जोखीम अशी दुसऱ्याच्या घरावर जाते. पावसाळ्यातील प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी मोल्याच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी, अनुमती घ्यावी आणि वाट माहीत असलेला स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. गावचा माणूस ओहोळाच्या नुसत्या आवाजावरून पुढे जावे की मागे फिरावे हे सांगू शकतो.

या वाटेसाठी नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस सर्वांत अनुकूल. मुसळधार पाऊस सरलेला असतो, पाणी नितळ झालेले असते, धबधबाही अजून भरून वाहत असतो. सकाळी लवकर निघावे. पकड असलेले बूट, एक काठी, पिण्याचे पाणी आणि थोडी शिदोरी एवढे पुरते. ओहोळ ओलांडताना काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकावी, एका वेळी एकच पाऊल उचलावे, आणि पाठीवरच्या पिशवीचा पट्टा सैल ठेवावा, म्हणजे पडल्यास ती चटकन टाकता येते. डोहात उंचावरून उडी कधीही घेऊ नये. वर सांगितलेल्या त्या तुटून पडलेल्या शिळा पाण्याखाली कोठे दडल्या आहेत हे पाहून कळत नाही.

डोहाच्या काठी साबण, तेल, उष्टे अन्न आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकू नयेत, हे सांगण्याची खरे तर आवश्यकता नसावी. पण त्यामागचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मार्च-एप्रिलमध्ये हीच धार बारीक होत होत कातळावरच्या ओल्या रेघेएवढी उरते. आसपासचे लहान ओहोळ आटून जातात. त्या दिवसांत गवे, भेकरे, रानडुकरे, माकडे, पक्षी आणि फुलपाखरे या उरल्यासुरल्या डोहांच्या आधाराने पावसाची वाट पाहतात. हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याने पाण्यात सोडलेली घाण त्यांच्या वाट्याला येते. म्हणून तेथे थोडा वेळ बसावे, हवे तेवढे पाहावे, आणि दुपार कलताच परतीची वाट धरावी. संध्याकाळचा प्रहर पाण्यावर येणाऱ्या जनावरांचा असतो, आणि त्या वेळी डोह त्यांच्यासाठी मोकळा असला पाहिजे.